डोसर घेण्याआधी पाण्यात काय साठलंय ते मोजा

तुमचा प्रश्न मला असा समजला. बडोद्याबाहेर सेवासीच्या बाजूला तुमचं फार्महाऊस आहे. पूल 8 बाय 4 मीटरचा, सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे साधारण 40,000 लिटर पाणी. शेजारी 1,200 लिटरचा वेगळा स्पा, म्हणजे गरम पाण्याचा टब. भरणा बोअरच्या पाण्याचा. पूलमध्ये दोन वर्षं टीसीसीएच्या, म्हणजे घट्ट क्लोरीनच्या, 200 ग्रॅमच्या गोळ्या फ्लोटरमधून, म्हणजे तरंगत्या डब्यातून, सोडताय. पहिल्या वर्षी पाणी छान राहिलं. आता गोळ्या दुप्पट केल्या तरी आठवड्याअखेर पाणी हिरवट दिसतं. केअरटेकर वेळेवर गोळ्या टाकत नाही अशी तुमची शंका आहे, म्हणून पूल आणि स्पा दोन्हींना मिळून एकच ऑटोमॅटिक डोसर, म्हणजे औषध आपोआप सोडणारं यंत्र, घ्यायचा विचार आहे आणि कुठला घ्यावा असं विचारलंय.

बडोदे आणि आसपासच्या घरगुती पूलवर डोसिंग बसवणं आणि ते सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे स्पष्टच सांगतो. आज डोसर घेऊ नका. तुमच्या वर्णनावरून केअरटेकरचा दोषही मला दिसत नाही. तुम्ही बहुधा क्लोरीन कमी टाकत नाही आहात. गोळ्यांबरोबर दुसरी एक गोष्ट पाण्यात साठत गेली आहे आणि तिने क्लोरीनचे हात बांधून ठेवले आहेत. या पाण्यावर कितीही महाग यंत्र बसवलंत तरी ते तेच चुकीचं औषध अधिक नेमाने देत राहील.

ती गोष्ट म्हणजे सायन्यूरिक आम्ल, ज्याला दुकानात स्टॅबिलायझर म्हणतात. ते मुळात वाईट नाही. उघड्या पूलमध्ये ते अजिबात नसेल तर आपल्या मे महिन्याच्या दुपारी दोन-तीन तासांत बहुतेक क्लोरीन उन्हाने उडून जातं. 30 ते 50 पीपीएम (लिटरला तितके मिलिग्रॅम) असेल तर ते क्लोरीनला उन्हापासून सांभाळतं. पण टीसीसीएची गोळी म्हणजे क्लोरीन आणि सायन्यूरिक एकत्र बांधलेलं. तुम्ही गोळीतून 10 पीपीएम क्लोरीन दिलंत की सोबत 6 पीपीएम सायन्यूरिक येतंच. क्लोरीन खर्च होतं, सायन्यूरिक मागे राहतं. ते उन्हाने जात नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही, पाणी वाफ होऊन गेलं तरी ते पूलमध्येच उरतं.

तुमच्या आकड्यांवर हिशेब करून पाहू. एका गोळीत 90 टक्के उपलब्ध क्लोरीन, म्हणजे 180 ग्रॅम. 40,000 लिटरमध्ये 1 पीपीएम म्हणजे 40 ग्रॅम. तेव्हा एक गोळी पूर्ण विरघळली की साडेचार पीपीएम क्लोरीन मिळतं आणि 2.7 पीपीएम सायन्यूरिक वाढतं. उन्हाळ्यात रोज 3 पीपीएम क्लोरीन लागतं असं धरलं तर महिन्याला 90 पीपीएम क्लोरीन आणि जवळजवळ 54 पीपीएम सायन्यूरिक. बॅकवॉशमध्ये, म्हणजे उलट्या पाण्याने फिल्टर धुताना, आणि पावसात पूल भरून वाहिला की त्यातलं थोडं बाहेर जातं. तरीही एका उन्हाळ्यात 100 ओलांडणं सहज शक्य आहे, आणि तुमची दोन वर्षं झाली आहेत.

ते वाढलं की काय होतं? उघड्या पूलमध्ये मुक्त क्लोरीन, म्हणजे अजून खर्च न झालेलं, हे सायन्यूरिकच्या साधारण साडेसात टक्के तरी हवं, असा व्यवहारातला नियम आहे. सायन्यूरिक 40 असेल तर 3 पीपीएम पुरतं. 150 असेल तर 11 पीपीएमच्या पुढे जावं लागतं. तुमच्या किटवर 3 दिसतं, तुम्ही निश्चिंत होता, आणि शेवाळ मात्र आरामात वाढतं. म्हणून गोळ्या दुप्पट केल्यावर चार दिवस बरं वाटतं आणि नंतर अडचण आणखी घट्ट होते.

अर्थात मी तुमचं पाणी पाहिलेलं नाही. हिरवेपणाचं कारण दुसरंही असू शकतं. पाणी स्वच्छ, तळ स्पष्ट दिसतोय पण रंग हिरवट निळा आहे, असं असेल तर तांब्याचा संशय घ्या. आपल्याकडे शेवाळासाठी मोरचूद टाकायची सवय अजून आहे, आणि त्याने भिंतींवर डाग पडतात, पिकलेल्या केसांना हिरवी झाक येते. गढूळ हिरवं, भिंतीला बोट लावलं तर बुळबुळीत, असं असेल तर शेवाळच. तिसरी शक्यता, पीएच वर गेला असेल. सायन्यूरिक नसलेल्या पाण्यात पीएच साडेसातला मुक्त क्लोरीनचा निम्मा भाग कामाच्या रूपात असतो, आठला तो पाव भागावर येतो. मात्र गोळ्या स्वतः चांगल्याच आम्लधर्मी असल्यामुळे तुमच्याकडे उलटा प्रकार, म्हणजे पीएच आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवायची पाण्याची क्षमता) दोन्ही खाली गेलेली, जास्त संभवतो.

म्हणून पहिलं काम, मोजणी. कागदाच्या पट्ट्यांवर एवढा निर्णय घेऊ नका. थेंबांची डीपीडी किट, म्हणजे क्लोरीन असलं की गुलाबी होणारी, घ्या आणि सायन्यूरिकची वेगळी चाचणी घ्या. या चाचणीत पूलचं पाणी आणि औषध मिसळलं की दुधासारखा पांढरा गढूळपणा येतो. नळीच्या तळाशी काळा ठिपका असतो. वरून बघत ते पाणी हळूहळू ओतत जायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की नळीवरची रेघ वाचायची. ही चाचणी उजेडात पण थेट उन्हाला पाठ करून करा, कारण प्रखर उन्हात आणि अंधारात वाचन वेगवेगळं येतं. बऱ्याच किटवर शेवटची रेघ 100 ची असते. ठिपका त्याआधीच गेला तर समाधान मानू नका. पूलचं पाणी आणि साधं पाणी निम्मं-निम्मं करून पुन्हा मोजा आणि आलेला आकडा दुप्पट करा.

क्लोरीन मोजतानाही एक फसवणूक होते. क्लोरीन फारच जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग क्षणभर चमकून नाहीसा होतो आणि नळीतलं पाणी रंगहीन दिसतं. केअरटेकरला वाटतं क्लोरीन शून्य आहे, आणि तो आणखी टाकतो. रंग आला आणि गेला असं दिसलं तर नमुना साध्या पाण्याने पातळ करून पुन्हा पाहायचा. ज्या किटमध्ये पिवळा रंग येतो ती एकूण क्लोरीन सांगते, मुक्त किती ते सांगत नाही. तुमच्या कामाला ती पुरेशी नाही.

समजा सायन्यूरिक 150 निघालं. ते उतरवायचा घरगुती पूलमध्ये भरवशाचा उपाय एकच, पाणी बदलणं. 150 वरून 50 वर यायचं तर दोन तृतीयांश पाणी काढावं लागेल, म्हणजे साधारण 27,000 लिटर. एकतृतीयांश करत तीनदा काढलं तर शेवटी 44 वर याल, पण एकूण पाणी 40,000 लिटर जाईल. उन्हाळ्यात एवढं पाणी सोडून देणं मला स्वतःला फार लागतं, म्हणूनच ही वेळ पुन्हा येऊ नये याबद्दल मी एवढं आग्रहाने लिहितोय. क्लोरीन शून्यावर येऊ द्या आणि मग ते पाणी हिरवळीला द्या. एका जागी तुंबू देऊ नका.

पण पूल पूर्ण रिकामा करू नका, आणि पावसाळ्यात तर नाहीच. भरलेल्या पूलचं वजन खालून येणाऱ्या भूजलाचा दाब धरून ठेवतं. पाऊस मुरलेला असताना पूल रिकामा केला तर तळ फुगतो, टाइल्स उचलल्या जातात, फायबरचा पूल तर अख्खा वर येऊ शकतो. हे काम पावसाआधी उरका.

पुन्हा भरताना भरण्याचं पाणी मोजा. शहरातल्या नळाचं पाणी, आजवा तलावाचं किंवा मही नदीचं, आणि तुमच्याकडचं बोअरचं पाणी यांत हार्डनेसचा, म्हणजे कडकपणाचा, बराच फरक असू शकतो. तुमच्या पूलचा पृष्ठभाग 32 चौरस मीटर आहे. उन्हाळ्यात रोज 8 मिलिमीटर पाणी वाफ होतं असं धरलं तर रोज अडीचशे लिटर, महिन्याला साडेसात हजारांच्या पुढे. तेवढं तुम्ही बोअरमधून भरता. बोअरचा हार्डनेस 500 असेल तर पूलचा हार्डनेस एका महिन्यात 95 च्या आसपास चढतो. कॅल्शियम हार्डनेस 200 ते 400 पीपीएममध्ये असावा. रात्री पूल झाकायची सवय लावलीत तर पाणीही वाचेल आणि हा चढही मंदावेल. झाकण नसेल तर आधी तो खर्च करा, डोसर नंतर.

हार्डनेस आधीच जास्त असेल तर कॅल्शियम हायपोक्लोराइट, ज्याला आपण 65 टक्क्यांची पावडर म्हणतो, ती रोजच्या वापराला घेऊ नका. तिच्यातून 10 पीपीएम क्लोरीनमागे सुमारे 7 पीपीएम कॅल्शियम हार्डनेस वाढतो. साधी ब्लीचिंग पावडर तर पूलमध्ये नकोच, चुन्याचा गाळ फिल्टरमध्ये बसतो.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगतो आणि ती घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपो ही दोन्ही क्लोरीनचीच औषधं असली तरी ती एकमेकांना कधीही भेटू द्यायची नाहीत. ज्या फ्लोटरमध्ये किंवा फीडरमध्ये गोळी होती त्यात कॅल्शियम हायपो घातलं, अगदी भिंतीला चिकटलेल्या ओल्या चुऱ्यावर घातलं तरी आग लागू शकते, विषारी वायू सुटतो, बंद डबा फुटू शकतो. चमचासुद्धा वेगळा ठेवा. जुना फ्लोटर धुऊन दुसऱ्या औषधाला वापरू नका, टाकून द्या.

आता डोसिंगकडे येतो. पाणी सरळ झाल्यावर तुमच्या पूलला मी लिक्विड क्लोरीन, म्हणजे 10 टक्क्यांचं सोडियम हायपो, आणि एक छोटा पेरिस्टाल्टिक डोसिंग पंप, म्हणजे रबरी नळी दाबून औषध पुढे ढकलणारा, सुचवेन. कारण साधं आहे. हायपोमुळे सायन्यूरिकही वाढत नाही आणि कॅल्शियमही, पाण्यात फक्त थोडं मीठ वाढतं. एकदा 30 ते 40 पीपीएम स्टॅबिलायझर हाताने घालायचं आणि नंतर बॅकवॉशने कमी होईल तेवढंच भरून काढायचं.

फ्लोटर मला घरगुती पूलमध्ये आवडत नाही. त्यातून किती गेलं हे कोणालाच सांगता येत नाही. वारा त्याला एका कोपऱ्यात नेतो आणि तिथल्या पायरीचा रंग उडतो, आणि मुलं त्याला खेळणं समजून उचलतात. गोळी स्किमरच्या (वरवरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या) बास्केटमध्ये टाकणं त्याहून वाईट. पंप बंद असताना तिथे साचलेलं आम्लधर्मी पाणी पंप सुरू होताच हीटरच्या तांब्यातून जातं. गोळ्यांचा लाइनमधला फीडर त्या मानाने चांगला, पण तो हीटरनंतर आणि चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) लावूनच. सायन्यूरिकचा प्रश्न त्यानेही सुटत नाही. मिठावर चालणारा क्लोरीनेटर चांगला असतो, पण त्याच्या प्लेटवर कडक पाण्याचा थर बसतो. तुमच्या बोअरच्या पाण्यावर तो मी शेवटचा पर्याय ठेवेन.

पंप केवढा हवा? रोज 3 पीपीएम म्हणजे 120 ग्रॅम क्लोरीन, म्हणजे 10 टक्क्यांचं 1.2 लिटर. फिल्टर आठ तास चालत असेल तर तासाला 150 मिलिलिटर. तासाला लिटर-दीड लिटर देणारा सगळ्यात छोटा पंपसुद्धा यासाठी पुरून उरतो. विक्रेता मोठा दाखवेल, घेऊ नका. मोठ्या पंपाची चुकीची सेटिंग एका रात्रीत पूलचं पाणी वापरण्याच्या पलीकडे नेते.

हे 3 पीपीएम मी धरून चाललोय, तुमचा आकडा तुम्ही काढा. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजा, काही टाकू नका, आणि पहाटे ऊन यायच्या आत पुन्हा मोजा. फरक 1 पीपीएमच्या आत असेल तर पाणी निरोगी आहे. जास्त असेल तर ऊन नसतानाही कुणीतरी क्लोरीन खातंय, म्हणजे शेवाळ किंवा घाण शिल्लक आहे. त्या स्थितीत डोसर सुरू करू नका, आधी जोरात शॉक द्या, म्हणजे एकदम जास्त क्लोरीन टाका, ब्रश मारा, फिल्टर चालू ठेवा. रात्रीचा फरक आटोक्यात आला की संध्याकाळ ते संध्याकाळ मोजा. तो तुमचा रोजचा डोस. मे महिन्यात तो वेगळा आणि जानेवारीत वेगळा असेल, आणि धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी तर तो लागूच पडणार नाही.

ओआरपी प्रोब (पाण्याची जंतू मारायची ताकद मोजणारा) लावलेला, स्वतः ठरवून डोस देणारा कंट्रोलर घरगुती पूलला मी सहसा सुचवत नाही. प्रोब महिन्या-दोन महिन्यांनी साफ आणि तपासावा लागतो. आणि सायन्यूरिक जास्त असेल तर ओआरपी कितीही क्लोरीन दिलं तरी ठरवलेल्या आकड्याला पोहोचत नाही, यंत्र मात्र ओतत राहतं. तुमच्या आजच्या पाण्यावर नेमकं हेच झालं असतं. टायमर आणि आठवड्यातून दोनदा किट, एवढं पुरतं.

बसवताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट विजेच्या जोडणीची आहे. गेल्या उन्हाळ्यात एका बंगल्याच्या पंपरूममध्ये गेलो तेव्हा लाइट गेलेली होती. मोठा पंप बंद, फिल्टरचा काटा शून्यावर, आणि भिंतीवर डोसरचा हिरवा दिवा लागलेला, आतलं चाक फिरत होतं. डोसर इन्व्हर्टरच्या प्लगवर होता. शेजारी आम्लाचा दुसरा डोसर, तोही इन्व्हर्टरवरच. म्हणजे वाहतं पाणी नसताना क्लोरीन आणि आम्ल एकाच पाइपात जमा होत होतं. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू तयार होतो, आणि लाइट आल्यावर पंप सुरू झाला की तो इनलेटमधून थेट पोहणाऱ्यांच्या तोंडाशी येतो. जगभरच्या पूलमध्ये असे अपघात झाले आहेत. तिथे मी दोन्ही प्लग काढले आणि पंपाच्या स्टार्टरवरून जोडणी होईपर्यंत लावू दिले नाहीत.

तुमच्याकडे डोसरचा पुरवठा फिल्टर पंपाच्या स्टार्टरमधूनच घ्या, आणि वर फ्लो स्विच (पाणी वाहत नसेल तर डोसर थांबवणारा) लावून घ्या. पंप चालू दिसतोय पण पाणी ओढत नाहीये, हेही होतं, तेव्हा स्विचच वाचवतो. पीएच उतरवायच्या आम्लाला मात्र डोसर नकोच असं माझं मत आहे. एवढ्या पूलला आठवड्यातून एकदा हाताने पुरतं. बादलीत आधी पाणी, मग त्यात आम्ल, उलटं कधीच नाही. पंप चालू असताना इनलेटच्या समोर ओतायचं, एका वेळी अर्ध्या लिटरपेक्षा जास्त नाही, आणि त्यानंतर निदान अर्धा तास क्लोरीन हाताने टाकायचं नाही. पीएच 7.2 ते 7.8 मध्ये ठेवा. एक यंत्र कमी झालं की वायूची सगळ्यात मोठी शक्यताच संपते.

हायपो कडक पाण्यात मिसळून पातळ करू नका. ड्रममध्येच पांढरा साका बसतो आणि इंजेक्शनची टोकं बुजतात. ती तशीही थोडी बुजतातच. साफ करायला पातळ आम्ल चालतं, पण आधी लाइन भरपूर पाण्याने धुऊन, टोक बाहेर काढून, उघड्यावर. पेरिस्टाल्टिकची रबरी नळी चपटी झाली की डोस गुपचूप कमी होतो, म्हणून वर्षातून एकदा ती बदलाच. आणि हायपोचा साठा करू नका. पत्र्याच्या शेडमध्ये 40 अंशांच्या वर ठेवलेल्या कॅनची ताकद महिन्याभरात निम्म्यावर येऊ शकते. पंधरा दिवसांपुरतं आणा, सावलीत ठेवा. फार्महाऊसच्या पंपरूममध्ये युरिया, डिझेल, आम्ल आणि क्लोरीन एकाच कोपऱ्यात मी वारंवार पाहतो. आजच्या आज ते वेगळं करा.

आता स्पा. त्याला पूलच्या डोसरवर जोडू नका. 1,200 लिटरमध्ये 1 पीपीएम म्हणजे 10 टक्क्यांचं फक्त 12 मिलिलिटर, आणि पूलचा पंप एवढं बारीक काम करू शकत नाही. शिवाय गरम पाण्याचा हिशेबच वेगळा. एक माणूस तासभर बसला की सहा-सात पीपीएम क्लोरीन संपू शकतं. चार जण बसले तर पाण्यात क्लोरीन उरलं नाही असंच समजा, आणि या तापमानात त्वचेवर पुरळ आणणारे जंतू आणि लिजिओनेला (न्यूमोनिया आणणारा जंतू) दोन्ही वाढतात. बसण्याआधी निदान 3 पीपीएम क्लोरीन किंवा 4 पीपीएम ब्रोमीन (क्लोरीनसारखंच दुसरं जंतुनाशक) हवंच, तापमान 40 अंशांच्या वर नको, आणि सायन्यूरिक स्पामध्ये अजिबात नको. म्हणजे गोळ्याही नकोत आणि स्पासाठी म्हणून विकली जाणारी डायक्लोर पावडरही (तिच्यातही सायन्यूरिक असतं) रोजच्या वापराला नको.

स्पा सुट्टीपुरताच वापरत असाल तर मापाच्या सिरिंजने हायपो देणं सगळ्यात नेमकं. बसण्याआधी मोजून, बाहेर पडल्यावर पुन्हा, जेट चालू ठेवून, झाकण उघडं ठेवून. रोज वापर असेल आणि झाकण असेल तर ब्रोमीनच्या गोळ्यांचा छोटा फीडर चांगला, मात्र नवा कोरा. टीसीसीएचा जुना फीडर त्यासाठी घेऊ नका, कारण वर सांगितलेलाच धोका तिथेही आहे. चार जण रोज बसत असतील तर महिन्याच्या आत पाणी पूर्ण बदला. 1,200 लिटरच आहे, त्यात काटकसर करू नका.

केअरटेकरच्या हातात किट द्या, वही द्या, आणि पहिल्या आठवड्यात स्वतः शेजारी बसून मोजायला शिकवा. हातमोजे आणि चष्मा त्याच्यासाठी आधी, तुमच्यासाठी नंतर, कारण रोज कॅन उघडणारा तो आहे.

सायन्यूरिक, पीएच, अल्कलिनिटी आणि हार्डनेस, पूलचं आणि बोअरचं वेगवेगळं, एवढं मोजून इथेच लिहा. फिल्टर किती तास चालतो तेही सांगा. मग किती पाणी काढायचं आणि पंपाची टक्केवारी कितीवर ठेवायची ते मी तुम्हाला आकड्यात सांगतो.